भोईर बाईंची गार टाकी

माझ्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहा थर्मामीटर होते आणि त्यातले पाच कायम भोईर बाईंच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत असत. सहावा बिघडलेला होता म्हणून माझ्याकडे राहिला. वर्षाकाठी तपासणी यायची तेव्हा मी ते पाचही बाईंकडून मागून आणायचो, कपाटात ओळीनं मांडायचो आणि तपासणीवाले जिना उतरले की पुन्हा पोचते करायचो. स्वतःचीच वस्तू उसनी आणणारा भिवंडी तालुक्यातला मी एकटाच मास्तर असेन. याबद्दल मी एकदा स्टाफरूममध्ये कुरकुर केली, तर बाई डबा खाता खाता म्हणाल्या, "सर, तुमच्याकडे पाणी उकळतं का ते बघतात. ते काय, डोळ्यांनीपण दिसतं."

कुंदा भोईर अंजूरच्या. खाडीकाठचं घर, सासऱ्यांच्या काळापर्यंत थोडी भातशेती आणि थोडी मासळी. पुढे शेतावर गोडाऊन उभी राहिली आणि घरातले पुरुष जागामालक झाले. बाईंनी मात्र नोकरी सोडली नाही. मुलगी प्रणाली तिसरीत असताना नवरा काविळीनं गेला, तेव्हाही त्या चौदाव्या दिवशी वर्गावर होत्या. ठेंगणा बांधा, सुती साडी, पदर खोचलेला, आणि केसांत गजऱ्याऐवजी बहुतेक वेळा पेन्सिल. आमचं ज्युनिअर कॉलेज कामतघरला. चारी बाजूंनी कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट असल्यामुळे तिथले सगळे मास्तर ओरडूनच शिकवतात. बाई तेवढ्या हळू बोलायच्या आणि पोरांना त्यांचं बोलणं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं. मी हा प्रयोग माझ्या वर्गात करून पाहिला. माझा वर्ग झोपला.

त्यांच्या प्रयोगशाळेत खिडकीपासून दूरच्या भिंतीला काचेच्या दोन टाक्या होत्या. दोन्हींत टायगर बार्ब नावाचे मासे, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले, बोटाच्या दोन पेरांएवढे. हे गरम मुलखातले, आणि जातीचे भांडकुदळ. दुसऱ्याचं शेपूट कुरतडल्याशिवाय यांचा दिवस जात नाही. एका टाकीतलं पाणी बाई अठ्ठावीस अंशांवर ठेवत आणि दुसरीतलं अठरावर. हीच त्यांची गार टाकी.

बाईंनी कुठेतरी वाचलं होतं की समुद्र तापू लागल्यापासून गरम पाण्यातले मासे प्रवाहांबरोबर वाहत थंड समुद्रांत जाऊन पोचतात. पोचतात आणि जगतातही, पण मग ते पहिल्यासारखे वागत नाहीत. कमी खातात, सावकाश हलतात, भांडणं सोडून देतात. साधी सावली पडली तरी लांबूनच पळ काढतात. हे वाचल्यावर दुसरं कुणी पान उलटून पुढे गेलं असतं. बाईंना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

आता भिवंडीत पाणी तापवावं लागत नाही, ते गार ठेवणं हीच कटकट. बाई सकाळी कॉलेजला येताना मासळी बाजारातून बर्फ आणायच्या. फोडलेली लादी स्टीलच्या डब्यात, डबा गोणपाटात, आणि गोणपाट रिक्षात मांडीवर. मग तो बर्फ पिशव्यांत बांधून दोरीनं गार टाकीत सोडायचा, दुपारी पुन्हा बदलायचा. बाजारातल्या कोळणी त्यांच्या ओळखीच्या होत्या. त्यांतली एक मला एकदा म्हणाली, "अख्खी दुनिया मेल्या म्हावऱ्याला बरफ लावते. ही तुमची मास्तरीन जित्या म्हावऱ्याला लावते. डोस्कं ठिकाणावर हाय ना तिचं?" मी म्हटलं, मला शंका आहे. हे बाईंना जाऊन सांगितलं तर त्या खूश झाल्या.

टाकीच्या काचेला बोट लावायची कुणालाच परवानगी नव्हती. एकदा प्राचार्य पाहुण्यांना घेऊन आले आणि मासे दाखवायच्या उत्साहात त्यांनी गार टाकीवर टकटक केली. बाईंनी सगळ्यांदेखत त्यांचं मनगट धरलं. म्हणाल्या, आता अर्धा तास मला खरं काही दिसणार नाही. प्राचार्यांनी त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

बाईंची एक वही होती. लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची. त्यात चार रकाने: वेळ, तापमान, जागा, कृती. मासा कुठे आहे आणि काय करतो आहे, एवढंच लिहायचं. "मासा उदास आहे असं लिहायचं नाही," हे त्या दरवर्षी पहिल्या तासाला सांगायच्या. "तो तळाला आहे असं लिहायचं. उदास तुम्ही आहात, कारण तुम्हाला लवकर घरी जायचंय." पोरं हसायची आणि तळाला, कोपऱ्यात, झाडाआड असं निमूटपणे लिहायची.

एका वर्षी नसरीन नावाची मुलगी होती. बाप लूमवर, कुटुंब दोनच वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या कुठल्याशा गावातून आलेलं. तिनं गार टाकीची नोंद करताना कृतीच्या रकान्यात लिहिलं, 'डर गई है'. बाईंनी ते तांबड्या शाईनं खोडलं आणि दोन गुण कापले. तुला कसं कळलं, असं विचारलं. मी त्या दिवशी माझा एक तरी थर्मामीटर परत मिळवायच्या खटपटीत तिथेच होतो. नसरीन म्हणाली, "मॅडम, मै जब इधर आई ना, मैपण ऐसेच बैठती थी. कोने में. खाना भी नही खाती थी." बाईंनी तांबड्या पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "ती तू. हा मासा आहे." गुण त्यांनी परत दिले नाहीत. मला ते बरोबर वाटलं होतं, हेही कबूल करतो. शास्त्र म्हणजे शास्त्र, असं मी पण मानायचो.

प्रणाली आईच्या अगदी उलट. आवाज खणखणीत, हसणं त्याहून मोठं. लहानपणी कॉलेजात यायची तेव्हा ती जिन्यात असल्याचं लूमच्या आवाजातही कळायचं. शहरात वाढलेली पोरं बोलताना गावची भाषा लपवतात. ही आमच्यासमोरसुद्धा "आये, मी जेवलू न्हाय" असं बिनधास्त म्हणायची. रिक्षावाल्यांशी भांडणं हा तिचा छंद होता, आणि सहसा ती जिंकायची. माशांचं वेड मात्र आईकडून आलं. मत्स्यशास्त्र शिकली आणि हिमाचलातल्या एका ट्राउट माशांच्या हॅचरीत तिला नोकरी लागली. ट्राउट म्हणजे थंड पाण्यातला मासा. खाडीकाठची पोर डोंगरात बर्फाच्या पाण्यातली अंडी सांभाळायला निघाली, याचं आम्हा सगळ्यांना कौतुक. बाईंनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मी म्हटलं, "बाई, आता तिसरी टाकी." त्या हसल्या. ते माझं वाक्य आज मला नको वाटतं.

प्रणाली ऑक्टोबरच्या शेवटी गेली. दुपारच्या सुट्टीत बर्फ बदलून झाला की बाई प्रयोगशाळेतूनच तिला फोन लावायच्या. एका हातात फोन राहिला तर लिहिता येत नाही, म्हणून स्पीकर चालू करून फोन टाकीच्या फळीवर ठेवायच्या आणि वही उघडायच्या. होय, तीच वही, मागच्या बाजूनं उलटी सुरू केलेली. एकदा माझी नजर गेली. वेळ, तिथलं तापमान, जागा, कृती. 'खोलीत. अर्धी पोळी.' 'खोलीत. आज कुणाशी बोलली नाही.' 'दारावर कुणी हाक मारली, उत्तर दिलं नाही.' आवाज लहान झाल्याची नोंदही होती, पण लहान झाला एवढीच. मी गमतीनं म्हटलं, पोरीवर प्रयोग करताय का. तर बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या, नाही सर, मी लिहिलं नाही तर मला घाबरायला होतं. लिहिलं की कळतं, हे असंच होत असतं.

आणि खरंच, गार टाकीत ते तसंच झालं होतं. नवे मासे सोडले की पहिले दिवस तळाला, दगडाआड. मग हळूहळू खाणं सुरू. साधारण साठाव्या दिवशी ते टाकीभर फिरायला लागत. मध्येच घाबरून त्यांना गरम पाण्यात परत टाकलं तर मात्र मरत. बाईंनी सुरुवातीला ही चूक केली होती आणि त्यात आठ मासे गेले होते. त्यामुळे साठ दिवस हा बाईंचा आकडा पक्का होता.

डिसेंबरातली ती दुपार. मी त्यांच्या बेसिनपाशी उभा राहून माझ्या परीक्षानळ्या धूत होतो, कारण आमच्या बेसिनचा नळ बिघडला होता. फोन फळीवर होता. बाईंनी नेहमीचं विचारून झालं. मग प्रणाली म्हणाली, "आये, मना हितं जमत न्हाय. मी घरा येऊ का?"

बाईंनी पानं उलटून दिवस मोजले. "चव्वेचाळीस झाले," त्या म्हणाल्या. "साठ होऊ दे बाय. मग तुला वाटलं तर ये. मी स्वतः न्यायला येईन."

प्रणालीनं वाद घातला नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं, इतकी तिच्या भांडणाची सवय होती. ती म्हणाली, लय थंडी हाय, हातांना भेगा पडल्यात, खोलीत वारं शिरतं. मग बाई आई झाल्या. म्हणाल्या, खिडकीच्या फटींत कागद कोंब, दाराखाली गोधडी लाव. तिथे कोळशाची शेगडी मिळत असेल, ती घे आणि खोलीत ठेव. दार लावून ऊब धरून झोप.

हे सगळं मी ऐकलं. मी रसायनशास्त्राचा मास्तर आहे. बंद खोलीत कोळसा जळला की जो वायू तयार होतो त्याला रंग नसतो, वास नसतो आणि माणूस झोपेतल्या झोपेत जातो, हे मी सव्वीस वर्षं पोरांना लिहून दिलं आहे. परीक्षेत ते दोन गुणांना येतं. पण आमच्याकडे खोली बंद करून कोण झोपतं? भिवंडीत खिडक्या असतात त्या उघड्या ठेवायला. शेगडी म्हणजे अंगणात वांगं भाजायची वस्तू. मला ती दोन वाक्यं एकत्र दिसलीच नाहीत. मी नळ्या धुतल्या, त्या उलट्या घालून ठेवल्या आणि पाच मिनिटं राहिली आहेत म्हणून तासावर गेलो.

प्रणाली पन्नासाव्या दिवशी गेली. सकाळी कामावर आली नाही म्हणून दार तोडलं, तर खाटेशेजारी विझलेली शेगडी. फटींत वर्तमानपत्राचे कागद नीट घड्या घालून बसवलेले होते. तिचं काम तसंच असायचं, नीट.

बाईंबरोबर त्यांचा दीर आणि मी गेलो. हॅचरीचा अधिकारी सज्जन माणूस होता. पुन्हा पुन्हा हात जोडत होता. म्हणाला, "मॅडम, यहाँ बच्चे बच्चे को पता है कि अंगीठी बाहर रखके सोते हैं. हमने सोचा इनको भी पता होगा." शेजारच्या खोलीत तिथल्याच दोन मुली राहत होत्या. त्या रडत होत्या. त्यांनी सांगितलं की आमच्यात येऊन बैस म्हणून आम्ही रोज हाक मारायचो, ती दार उघडायची नाही. बाईंनी दोघींना जवळ घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. परतीच्या प्रवासात त्या एवढंच बोलल्या, "सर, त्या समुद्रातले मासे तिथल्या माशांच्या थव्यात शिरतात म्हणून टिकतात. मी ते वाचलं होतं. माझ्या टाकीत तिथले मासेच नव्हते. मी एकटे सोडले होते." तेव्हाच सांगायला हवं होतं की मी बेसिनपाशी होतो आणि मला माहीत होतं. धीर झाला नाही. मला त्याची लाज वाटते.

बाई चौदाव्या दिवशी कामावर आल्या. गार टाकीतला बर्फ त्यांनी रोज थोडा थोडा कमी केला. पाणी अठ्ठावीसवर आलं तेव्हा सगळे मासे एका टाकीत घातले, आणि थोड्या दिवसांनी ती टाकी पडघ्याच्या एका शाळेला देऊन टाकली. एकही मासा मेला नाही. शिकवणं चालू राहिलं. पोरांनी जर्नलमध्ये काहीही लिहिलं तरी तांबडी शाई उठेना. पाचही थर्मामीटर त्यांनी एक दिवस माझ्या टेबलावर आणून ठेवले, पुसून, कापसात गुंडाळून. मी म्हटलं राहू द्या तुमच्याकडेच. त्या म्हणाल्या, आता मला लागणार नाहीत. स्टाफरूममध्ये त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसू लागल्या. कुणी मोठ्यानं हसलं की उठून बाहेर जायच्या. मी हे सगळं बघायचो आणि माझ्या मनात त्यांचे चार रकाने उमटायचे, आणि स्वतःचाच राग यायचा.

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. त्यानंतरच्या डिसेंबरात एके दिवशी फोन आला. कल्याणहून गाडी आहे, बॅग जड आहे, स्टेशनवर सोडाल का? कुठे जाताय विचारलं तर म्हणाल्या, प्रणालीच्या गावाला. हॅचरीतली तिची खोली अजून रिकामीच होती, तिथे कुणी राहायला तयार नव्हतं. अधिकाऱ्यानं राहू द्यायचं कबूल केलं होतं. फेब्रुवारीपर्यंत.

रिक्षात कोनगाव मागे पडल्यावर मी शेवटी बोललो. इतकी वर्षं जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं. मी तिथे होतो, मी ऐकलं होतं, मला माहीत होतं. बाई पुढे रस्त्याकडे बघत होत्या.

"मला ठाऊक आहे सर," त्या म्हणाल्या. "त्या दिवसाची नोंद आहे माझ्याकडे. 'जागा: सर बेसिनपाशी.' मी ती शंभर वेळा वाचली. पहिल्यांदा तुमचा फार राग आला. तुमच्याशी कधी बोलूच नये असं वाटायचं." मग म्हणाल्या, "नंतर वाटलं, तुम्ही तरी काय करणार. तुम्ही ते पुस्तकात वाचलेलं. मी पण."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मी विचारलंही नाही.

फलाटावर गाडी लागलेली होती. मी बॅग आत ठेवून खाली उतरलो. बाई खिडकीशी बसल्या, अंगावर तीच सुती साडी. माझ्या बायकोनं त्यांच्यासाठी एक जाड लोकरी शाल दिली होती. ती मी खिडकीतून पुढे केली आणि म्हटलं, बाई, तिकडे या दिवसांत फार गारठा असतो, निदान ही तरी घ्या.

त्यांनी शालीवरून एकदा हात फिरवला आणि ती परत माझ्या हातात दिली.

"वहिनींना सांगा, आल्यावर घेईन," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी अठरा डिग्री वाचली सर. एकदाही हात घालून बघितला नाही. तिला किती थंडी वाजत होती ते मला माहीतच नाही. आता लागू दे मला नीट."

गाडी हलली. फलाटावर डिसेंबरातलंही ऊन होतं, माणसं रुमालानं मान पुसत होती, आणि ती शाल हातावर घेऊन मी घामाघूम उभा होतो.